स्टुलावर बसून केलेल्या पाहणीबाबत

प्रति,
मा. मुख्य अधीक्षक,
अपघात चौकशी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : पाण्याच्या टाकीजवळील वळणावर झालेल्या तिसऱ्या अपघाताच्या अहवालातून चालक बाईंचा दोष काढून खरे कारण नोंदवण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, जावक क्र. ४१७ (सदर वळणावर आणखी मोठा फलक उभारण्याबाबत).

महोदय,

१. मी या कार्यालयात एकोणीस वर्षे वाहन तपासनीस आहे. अहवालाच्या चौदाव्या रकान्यात अपघाताचे कारण लिहायचे असते, हे आपण जाणताच. ते हाताने लिहिण्याची रीत आपल्याकडे कधीच बंद पडली. ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असा रबरी शिक्का आहे. ब्रेकची नळी फुटो, रस्त्यावर तेल सांडो, सिग्नलचा दिवा आठवडाभर बंद असो, शिक्का तोच उठतो. मीही तो निमूटपणे उठवत आलो. किती वेळा, ते मोजायची लाज वाटते.

२. सदर वळणावर गल्लीतून मुख्य रस्त्याला लागावे लागते. तिथे दहा वर्षांत एक अपघात झाला होता, तोही चालक झिंगलेला होता म्हणून. तरी आपण उपाय मागितलात आणि ‘सावकाश जा’ असा पिवळा फलक कोपऱ्यावर लावावा, अशी शिफारस मी केली. तो लागल्यावर चार महिन्यांत दुसरा अपघात झाला. आपण फलक रुंद केलात. त्यानंतर तिसरा झाला. आता आपण तो रुंदही करणार आणि उंचही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा कारभार आहे.

३. तिसऱ्या अपघातातील चालक बाई रुग्णांना इस्पितळात नेण्या-आणण्याचे काम करतात. बावीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. त्या दिवशी त्या गल्लीतून निघाल्या आणि सायकलवरून येणाऱ्या माळ्याला त्यांच्या गाडीची धडक बसली. त्याचा पाय मोडला. त्याने इस्पितळात मला स्वतःहून सांगितले की बाई अगदी हळू येत होत्या, फक्त त्या एकदम फलकामागून निघाल्या. हे वाक्य मी अहवालात लिहिले होते. टंकलेखनात ते गळले, असे मला कळवण्यात आले.

४. आपण, मोजणीदार व मी असे तिघे पाहणीस गेलो होतो. आपण फलकाच्या वरच्या कडेवर कोपर टेकवून रस्ता न्याहाळलात आणि म्हणालात, “इथून तर सगळं स्वच्छ दिसतंय.” दिसत होतेच. आम्ही दोघांनी मान डोलावली, मोजणीदाराने तसे लिहून घेतले आणि चहा पिऊन आपण परतलो. गाडी कोणी उभ्याने चालवत नाही, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

५. त्यानंतर चालक बाई कार्यालयात आल्या. त्यांनी तीन ठिकाणी डोळे तपासून घेतले होते, तिन्ही चिठ्ठ्या त्यांच्या हातात होत्या. त्यांनी मला विचारले, “साहेब, खरं सांगा, माझेच डोळे गेलेत का?” मी खुर्चीतून न उठता म्हणालो, “गेले असतील.” महोदय, त्या दोन शब्दांची मला अजून शिसारी येते.

६. चिठ्ठ्या माझ्या टेबलावर ठेवून त्या गेल्या, तेव्हापासून मला चैन पडेना. मी घरी गेलो आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलाचे पाय वीतभर कापले, जेणेकरून त्यावर बसल्यावर माझे डोळे गाडीतल्या चालकाच्या डोळ्यांइतक्या उंचीवर येतील. सौभाग्यवतींनी विचारले की वरच्या फळीवरचे डबे आता तुमचे साहेब येऊन काढून देणार का. सकाळी मी ते स्टूल वळणावर मांडून बसलो. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले, एकाने वेड्याच्या इस्पितळाचा पत्ता सांगितला. मला समोर फक्त पिवळा पत्रा दिसत होता. सायकली, हातगाड्या, एक अख्खी पाण्याची टाकीगाडी त्यामागून आली आणि नाकासमोर उगवली. ‘सावकाश जा’ तेवढे ठळक वाचता येत होते.

७. नवा फलक सहा फूट उंच आहे असे कळते. म्हणजे यापुढे उभ्या अधिकाऱ्यांनाही काही दिसणार नाही. चालक आणि साहेब यांच्यात तेवढी समानता येईल, हे मी मान्य करतो.

८. सोमवारी बाईंचा परवाना कायमचा रद्द करण्याची सुनावणी आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार मला पाहवत नाही. माझ्या टेबलाचा, त्या शिक्क्याचा आणि आपल्या मागे मान डोलावणाऱ्या माझ्या मानेचा मला वीट आला आहे. तरी विनंती की चौदाव्या रकान्यातला शिक्का खोडावा आणि तिथे हाताने लिहावे : ‘कारण – कोपऱ्यावरील फलक. शिफारस करणारा – खालील सही करणारा.’ शिक्षा काय ती मला व्हावी. बाईंना एवढेच लेखी कळवावे की त्यांचे डोळे शाबूत आहेत.

९. स्टूल वळणावरच ठेवले आहे. सुनावणीपूर्वी आपण त्यावर एकदा बसून पाहावे. नंतर ते परत मिळावे, घरी त्याची चौकशी होते.

इतकी वर्षे शिक्क्याशी नम्र राहिलेला,

(सही)
वाहन तपासनीस
दिनांक : सुनावणीआधीचा शुक्रवार

सोबत :
१) स्टुलावरून काढलेले छायाचित्र (त्यात फलकाखेरीज काहीही नाही)
२) माळ्याचे म्हणणे, पुन्हा एकदा, माझ्या अक्षरात
३) डोळे तपासल्याच्या तीन चिठ्ठ्या, तिन्हींत दृष्टी उत्तम
४) चौदाव्या रकान्याचा रबरी शिक्का. तो मी टेबलावरून उचलून इथे जोडला आहे, तिथे शोधू नये.