तीनदा दाबायचा ब्रेक

रविवार संध्याकाळ, दहिसर

डोंगरात फिरायला बाबांनी आणि मी भंगारातून उभा केलेला ट्रक. त्यांचा खांदा गेला म्हणून मी पॉवर स्टिअरिंग बसवलं, ब्रेकही नवे. जुना ब्रेक तीनदा दाबल्याशिवाय लागायचाच नाही.

आज आरे कॉलनीत त्यांना चालवायला दिला. म्हैस आडवी आली. त्यांनी सवयीने जोरात पाय मारला, ट्रक जागच्या जागी थांबला आणि माझं कपाळ काचेवर. बाबांनी उतरून चावी माझ्या हातात दिली.

"हा माझा ट्रक नाय रे."

त्यांच्यासाठीच केलं ना सगळं? जुना ब्रेक परत लावू? लावला तरी खांदा कुठून आणू?

आता ते टीव्हीसमोर बसलेत. उजवा पाय लादीवर दाबतायत. तीनदा. थांबून परत तीनदा.