बाल संरक्षण समितीच्या सदस्याच्या मुलीचं लग्न

१ एप्रिल, मंगळवार
मढच्या ग्रामपंचायतीत कार्यक्रम. विषय: किशोरवयीन मुलामुलींचे कायदेशीर हक्क. ग्राम बाल संरक्षण समितीचा सदस्य म्हणून मला पुढची खुर्ची. जुन्नरहून वकीलबाई आल्या होत्या, स्वप्ना मॅडम. दीड तास बोलल्या. अठराच्या आत मुलीचं लग्न हा गुन्हा. पोरांना वकील फुकट. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला की नाव गुप्त. या काय पोरांना सांगायच्या गोष्टी आहेत? आम्हाला एकही हक्क नव्हता, तरी आम्ही घडलोच ना? आभार मी मानले. नारळ मीच दिला.

घरी समृद्धीच्या दप्तरात मॅडमचं पत्रक सापडलं. जप्त केलं.

३ एप्रिल, सकाळी ६
संकल्प. एक, समृद्धीचं लग्न याच अक्षय्य तृतीयेला उरकायचं. स्थळ डिंभ्याचं. मुलगा सुनील, चाकणला कंपनीत आहे, परमनंट होणार आहे. दोन, कोणावर चिडायचं नाही. तीन, रोज चालायला जायचं.

समृद्धीला सोळा पूर्ण आहेत, पण दिसते अठराची. कायद्याने दिसण्याचाही विचार केला पाहिजे. अंजना, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, बारावी होऊ द्या. म्हटलं, बारावी सासरीही होते.

संध्याकाळी ७
संकल्प दोन मोडला. दोष समृद्धीचा. म्हणते, पप्पा, मला नर्सिंग करायचंय. म्हटलं, घरात आजी आहे, तिची कर. त्यावर म्हणते, हा माझा हक्क आहे. माझ्या घरात, माझं जेवण जेवून! लई ओरडलो. घसा बसला. त्यामुळे चालायलाही गेलो नाही.

६ एप्रिल, रविवार
समृद्धीचा मोबाईल कपाटात टाकून कुलूप लावलं. किल्ली करगोट्याला. आता लाव म्हणावं १०९८. ती तीन दिवस बोलत नाही. घरात शांतता आहे. याला म्हणतात संस्कार.

९ एप्रिल
पत्रिकेचा मजकूर स्वतः तयार केला. ही कामं दुसऱ्यावर टाकायची नसतात. पत्रिकेत नाव राहिलं तर माणूस मरेपर्यंत बोलत नाही. म्हणून ‘प्रमुख उपस्थिती’त सगळे घेतले: सरपंच, पोलीस पाटील जानकू, ग्रामसेवक राजरत्न भाऊसाहेब, कॉलेजच्या मोहिनी मॅडम. आणि सगळ्यांत वर वकील स्वप्ना मॅडम! ज्याचं नाव लग्नपत्रिकेत, तो त्याच लग्नाची तक्रार करेल कशी? याला डोकं लागतं. कोणाला विचारलं नाही. मान द्यायला विचारायचं काय?

नवरीच्या नावाखाली शिक्षण टाकलं: ‘११ वी सायन्स, चालू’. डिंभेकरांना कळू दे, मुलगी अडाणी नाही.

शेवटी ‘किलबिल’, म्हणजे ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी घरातली लहान पोरं. छापखानावाला म्हणाला, गेल्या वर्षी तुमच्या पुतणीच्या पत्रिकेत टाकली तीच नावं ठेवतो. ठेव म्हटलं. वेळ वाचला.

१५ एप्रिल
पाचशे पत्रिका आल्या. वाटप सुरू. राजरत्न भाऊसाहेबांनी पत्रिका वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि चहा न घेता उठले. काहींना मान पचत नाही.

मोहिनी मॅडम तर अंगावरच आल्या. कोणाला विचारून माझं नाव घातलं, अशा लग्नाला नुसतं हजर राहिलं तरी शिक्षा आहे, वगैरे. बाईमाणूस. सोडून दिलं.

१६ एप्रिल
जानकू माझ्याबरोबर चौथीपर्यंत होता. तो दारात उभा राहून म्हणाला, ‘राव, माजी पाटीलकी घालवायचा इचार हाय का तुजा?’ माझ्यासमोर पेन काढून स्वतःचं नाव खोडलं आणि पत्रिका परत दिली. संध्याकाळपर्यंत अशा तीन पत्रिका परत आल्या, प्रत्येकीत ज्याचं त्याचं नाव काळं केलेलं. गावाला माझं चांगलं बघवत नाही. आज चपलेचा अंगठाही तुटला.

१८ एप्रिल, शुक्रवार
दुपारी घरासमोर जीप. भाऊसाहेब, एक हवालदार आणि हेल्पलाइनचे दोघं. गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणे ग्रामसेवकच असतो. हे आधी सांगायचं नाही का? स्वप्ना मॅडमनी त्या दिवशी सांगितलंही असेल. मी मध्ये चहाचं बघायला गेलो होतो.

मी शांतपणे सांगितलं, मुलगी अठरा पूर्ण आहे, शाळेत जन्मतारीख चुकीची लागली. भाऊसाहेबांनी खिशातून माझीच पत्रिका काढली. ‘११ वी, चालू.’ मग बोट खाली खाली नेत किलबिलीपर्यंत आले आणि मोठ्याने वाचलं: श्रेया, भागू, समृद्धी. गेल्या वर्षी ती किलबिलीत होती. छापखानावाल्या गाढवाने नाव तसंच ठेवलं. वर नवरी तीच, खाली किलबिल तीच.

हवालदार म्हणाला, ‘पावणं, नवरी सवताच्याच लग्नाचं आवतान देती व्हय?’ आणि हसला. सरकारी नोकर ड्युटीवर हसू शकतो का, हे तपासायचं आहे.

सोमवारी पुण्याला बालकल्याण समितीपुढे हजर राहायचं. तक्रार कोणी केली ते सांगत नाहीत. एवढंच म्हणाले, एकूण पाच फोन आले.

पाच!

१९ एप्रिल
फितुरांची यादी केली. भाऊसाहेब, मोहिनी मॅडम, जानकू, सरपंच. स्वप्ना मॅडमना पत्रिका पोचलीच नव्हती, एसटी चुकली म्हणून मी जुन्नरला गेलो नव्हतो. म्हणजे चारच होतात. पाचवा कोण? समृद्धीवर संशय घेतला. पण तिचा मोबाईल कुलपात आणि किल्ली माझ्या कमरेला. हुंदके देत देत म्हणाली, मी नाही केला. तरी दोन तास विचारत बसलो.

डिंभ्याहून फोन. सुनीलच्या वडिलांनी स्थळ मोडलं. ‘आमचं पोरगं कंपनीत हाय, केस नको.’ असल्या भित्र्या घरात मी मुलगी दिलीच नसती.

२१ एप्रिल, सोमवार
इस्त्रीचा शर्ट घालून पुण्याला. मायलेकी बरोबर. सुरुवातीलाच ठणकावून सांगितलं की मी स्वतः गावच्या बाल संरक्षण समितीचा सदस्य आहे. समोरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वजन पडलं, असं मला वाटलं.

मग मला बाहेर बसवलं आणि समृद्धीशी एकटीशी बोलले. चाळीस मिनिटं. एवढं ती घरी वर्षभरात बोलत नाही. स्वप्ना मॅडम तिच्या बाजूने आत होत्या, फुकट. मी बाकावर. कोणी पाणीही विचारलं नाही.

हमीपत्रावर सही केली. अठरापर्यंत लग्न नाही, कॉलेज बंद नाही, मोबाईल परत, आणि भाऊसाहेब दर महिन्याला घरी येऊन बघणार. सही करताना फाइल उघडी होती. त्यात पहिल्या फोनची तारीख दिसली: ४ एप्रिल, सकाळी ७.१०. पत्रिका तर मी नऊ तारखेला लिहिली.

येताना एसटीत मायलेकी पुढे बसल्या. मी उभा.

२२ एप्रिल
चार तारखेला गावात लग्नाचं फक्त आमच्या घरातच माहीत होतं. सकाळी जेवायला बसताना मुद्दाम मोठ्याने विचारलं, या घरात फितूर कोण आहे?

अंजना भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘मी केला फोन. तुमच्याच मोबाईलवरनं, तुमी आंघोळीला गेल्यावर.’

ओरडायची सगळी तयारी झाली होती. आधी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, ‘दोनदा सांगितलं. तुमी म्हणाला, तू गप.’

मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, ‘माजं लगीन लागलं तवा नववीचा एक पेपर राहिला व्हता. भूगोलाचा. तवा आमाला असा नंबर कुणी सांगितला न्हाई.’

लग्नाला अठरा वर्षं झाली. हा पेपर मला आज कळला. मला फार वाईट वाटलं, आणि ते कोणावर काढावं ते सुचेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, अभ्यास तरी झाला होता का?

म्हणाली, ‘समदा पाठ व्हता.’