डॉक्टरीणबाईंनी केसांबद्दल विचारलं

३ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
मामीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे आणि तुझे मामा बरे असल्याचं सांगतात. फोनवर काही बोलायची सोय नाही. फोन तेच उचलतात आणि ठणठणीत आहे म्हणून ठेवून देतात. खरी गोष्ट अशी, की चष्म्याच्या दुकानातल्या माळ्यावर फ्रेमची खोकी आणायला निघाले की अर्ध्या जिन्यात थांबतात आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असल्याचं सोंग आणतात. कॅलेंडर गेल्या वर्षीचं आहे.

शेवटी मी त्यांना ओढून छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं. फुप्फुसात वण पडत चालले आहेत म्हणाल्या. हे पूर्वी काचा स्वतः घासायचे, त्या भुकटीनं आतून सूज आली असावी अशी त्यांना शंका आहे. पुढच्या महिन्यात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू करणार आहेत. तू प्रयोगशाळेत असल्याच वणांच्या पेशी बशीत वाढवतेस ना? मग मला कळेल असं काहीतरी लिही.

एक गंमत सांगते. घरात कुणाचे केस लवकर पिकले होते का, असं बाईंनी विचारलं. तुझे मामा ताठ बसून म्हणाले, छे, आमच्याकडे सगळे काळेभोर, हे काय माझेच बघा. परवाच मी त्यांना कलप लावून दिला होता! पंचविशीत पांढरा झालेला माणूस; लग्नानंतर मला ते उशीच्या अभ्र्यानं सांगितलं. तुझी आई तशीच, आजोबाही तसेच. दिवसभर आरशांत वावरणाऱ्या माणसाचा तोरा मी कुठे मोडू? मूग गिळून बसले आणि घरी येऊन पोट धरून हसले.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, पत्रही येऊ दे.

तुझी मामी

८ फेब्रुवारी

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि डबा तसाच राहिला. मामी, ती गंमत नाही गं. गोळ्या सुरू व्हायच्या आत मामानं केसांचं खरं सांगायलाच हवं.

का ते सांगते. आपल्या पेशींतल्या गुणसूत्रांच्या टोकांना जास्तीचा भाग असतो, त्याला टेलोमिअर म्हणतात. एका पेशीच्या दोन झाल्या की तो थोडा झिजतो. काही घराण्यांत ही झीज भरून काढणारी यंत्रणा जन्मापासूनच अधू असते. टोकं लवकर आखूड होतात आणि पेशी नव्या पेशी करायचं सोडून देतात. केसांना रंग देणाऱ्या पेशी अशा लवकर थकतात, म्हणून केस पिकतात. फुप्फुसाचं अस्तर सांभाळणाऱ्याही थकतात. मग अस्तराला इजा झाली की डागडुजी करणाऱ्या पेशी धावतात आणि तंतू विणत सुटतात. मदतीला आलेल्या पाहुणीनं स्वयंपाकघरच ताब्यात घ्यावं तसं होतं. तंतूंनी जागा कडक होते, आणि कडक जागा लागली की त्यांना आणखी चेव येतो. माझ्या बशीत मी रोज हेच बघते.

अशा माणसांना त्या गोळ्या सोसत नाहीत, कारण रक्तातल्या रक्षण करणाऱ्या पेशीही आधीच कमजोर असतात. बाईंनी तो प्रश्न उगाच विचारला नव्हता. मामाचं असंच असेल असं मी म्हणत नाही, पण आधी रक्त तपासू दे. आजोबांचा दमा तरी दमाच होता का, अशी आता मला शंका येतेय.

मामा ऐकणार नाही. तू मात्र भिडेखातर गप्प राहू नकोस, तुला माझी शपथ. मी रागावले नाहीये, घाबरले आहे.

आहे ती माया तशीच राहू द्यावी.

तुझी चिंगी

१९ एप्रिल

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

जीव भांड्यात पडला, म्हणून आज सावकाश लिहिते.

तुझं पत्र वाचून दाखवलं तर तुझे मामा म्हणाले, त्या बाईंना छाती दाखवायची आहे, डोकं नाही. मग मी वाद घातला नाही. कलपाची बाटली तांदळाच्या डब्यात पुरली आणि संपली म्हणून सांगितलं. दुकानात जाऊन दुसरी मागायची यांना लाज! तपासणीच्या दिवसापर्यंत भांगात पांढरी पट्टी दिसायला लागली. स्वारी टोपी घालून निघाली.

बाई गोळ्या लिहायला लागल्या तशी मी टोपी काढायला सांगितली. यांनी माझ्याकडे असं बघितलं, की विचारू नकोस. मग स्वतः उठून दार लावून आले आणि चोरी कबूल करावी तशा आवाजात सांगितलं, की पंचविशीपासून रंगवतो. बाई हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं आणि लिहिलेला कागद फाडून टाकला.

रक्ताचा निकाल आला. टोकं फारच आखूड आहेत. त्या गोळ्या रद्द झाल्या. आता वण पडायचा वेग कमी करणारं औषध चालू आहे. झालेले वण ते पुसत नाही आणि पोट कुरकुरतं, पण या खेपेला नळीतली फुंकर आधीइतकीच भरली.

आता एक जड गोष्ट. रक्ताच्या नात्यातल्यांनीही तपासून घ्यावं, असं बाई म्हणाल्या. तूही केस रंगवतेस, हे मला ठाऊक आहे गं.

जीव तुझ्यापाशी आहे, लवकर लिही.

तुझी मामी

६ जून

ती. मामा-मामींस,
सा. न. वि. वि.

तपासून घेतलं. माझ्यातही तेच आहे. आजोबांकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे. फुप्फुसं आज अगदी स्वच्छ आहेत. दरवर्षी तपासायची, धुरापासून आणि धुळीपासून लांब राहायचं. पुढे वण पडतीलच असं नाही, पडणार नाहीतच असंही नाही.

निकाल आला त्या दिवशी प्रयोगशाळेच्या कोठाराचं दार लावून रडले. इतकी वर्षं परक्यांच्या पेशी वाढवत होते, तेव्हा मन शांत असायचं. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. बशीतल्या पेशींचं काही बदललं नव्हतं, मीच जरा जास्त वाकून बघत होते.

मामा, तू स्वतःला दोष देत बसू नकोस. तुझ्यामुळे मला हे मिळालेलं नाही.

तुमचा हात पाठीवर असू द्यावा.

तुमची चिंगी

१२ जून

चि. चिंगीस,
मामाचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही हे तू जाणतेस. तुझं पत्र दुकानात वाचलं आणि शटर अर्धं ओढून बसून राहिलो. आधी आजोबांचा राग आला, मग माझा. तुझी मामी म्हणाली, रागावून दम लागतो, तो जपून वापरा. म्हणून रागवायचं सोडलं.

माळा रिकामा केला. सगळी खोकी खाली आणली, आता जिना नाही. कलप बंद. दोन गिऱ्हाइकांनी मला मालकांचा थोरला भाऊ समजून मालक कुठे आहेत म्हणून विचारलं. मी सांगितलं, बाहेर गेलेत.

परवा बाईंना म्हटलं, हे मला तरुणपणी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, काचा घासताना तोंडाला फडकं बांधलं असतं, दरवर्षी दाखवायला आला असता, औषध लवकर सुरू झालं असतं. तेव्हापासून एकच विचार मनात आहे, तो तुला लिहितो. तुझे आजोबा कारण न कळताच गेले. तुझी आईही गेली, तिला कधी कळलंच नाही. मला कळलं ते वण पडून गेल्यावर. तुझी छाती अजून स्वच्छ आहे, आणि तुला कळलं आहे. पोरी, या घरात वेळेवर कळलेली तू पहिली आहेस.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. माया आहे, ती कमी व्हायची नाही.

तुझा मामा