डाव्या हाताचा चाकू

७ जुलै २०२४, रविवार

झालं! आबांचा चाकू आता एका हाताने उघडतो.

अख्खी दुपार गेली. जानेवारीत आबांना लकवा झाला, उजवा हात उरला तो नावाला. तेव्हापासून ते माझ्याकडे, संगमनेरला. देवळालीच्या मळ्यात चाळीस वर्षं ज्या चाकूने बोरीचे डोळे भरून कलमं केली, तो खिशात तसाच. पण नखाने पातं ओढायला दुसरा हात कुठे? परवा दातांनी उघडायला गेले — ओठ कापला! मी आयटीआयला पोरींना फिटरचं काम शिकवते आणि घरात बाप ओठ कापून घेतो.

व्हाइस, कानस, ड्रिल, एक पितळी स्क्रू. पात्याच्या पाठीजवळ भोक पाडून स्क्रूची खुंटी बसवली. अंगठ्याने ढकललं की उघडतं. आबांनी वीसेक वेळा उघड-मीट केली. "लई भारी केलंस, जयमाला."

एक चूक झाली. पोलाद एवढं कडक की ड्रिल आत जाईना. तेवढी जागा मऊ करायला बर्नरने तापवली. धारेला ओलं फडकं गुंडाळायचं असतं — वर्गात हेच ओरडून सांगते — कंटाळा केला. निळा रंग सरसरत धारेपर्यंत गेला. म्हणजे पात्याचं पाणी उतरलं, कडकपणा गेला. आता धार लागेल, पण टिकणार नाही.

निळेपणा पॉलिश पेपरने घासून काढला. दिसत नाही.

८ जुलै

आबांना सांगायचं राहिलं. उद्या सांगते.

१४ जुलै, रविवार

पंकज आला होता, माझा चुलतभाऊ. मळा तोच बघतो. आबांच्या बोरीच्या फांद्या ओल्या फडक्यात बांधून आणल्या. त्या बोरीची रोपं आबांनी गावोगाव दिली, पण लोकांनी झाडं काढून ऊस केला. आता ती एकटीच उरलीय, बांधावर.

अंगणात पिशव्यांत गावठी बोरीची चार रोपं. आबा खुर्चीवर बसले, मी रोप धरलं. आबांनी धार अंगठ्यावर पाहिली. "ठीक हाय." सकाळीच लावली होती मी. पहिला काप सरळ गेला. दुसऱ्याला साल फाटली. फांदीवरून डोळा उचलताना तो चेंगरला. धार मुडपली होती — मला दिसत होती! आबांची नजर आता तेवढी राहिली नाही.

"धर नीट," मला म्हणाले. मग म्हणाले, "तू नीटच धरलंयस."

चारही रोपांत कसेबसे डोळे बसवले. पट्ट्या मी बांधल्या. आबांच्या कपाळावर घाम.

"आबा, चाकूचंच काहीतरी असेल," एवढंच म्हणाले मी.

"चाकू तू केलाय. त्यात काय खोट असनार?"

तिथेच सांगायचं होतं! तोंडापर्यंत आलं होतं. चहा टाकायला आत गेले.

२१ जुलै

आयटीआयमध्ये पात्याला परत पाणी द्यावं म्हणून चाकू मागितला. "कशाला? ऱ्हाऊ दे खिशात." दिला नाही. कारण सांगितलं असतं तर दिला असता.

२८ जुलै, रविवार

चारही डोळे काळे पडले. आबांनी स्वतः पट्ट्या सोडल्या, प्रत्येक डोळ्याला बोट लावलं, गळून पडले. जेवणात भाकरी अर्धीच खाल्ली.

"हात गेला माझा, जयमाला. डावाबी गेला."

मी म्हटलं, "सरावाने येईल." काय बोलले मी हे! खोटं बोलले असते तरी बरं होतं. हे त्याहून वाईट — दोष हाताचाच, असं मीच कबूल केल्यासारखं.

२ ऑगस्ट

आबा फिजिओच्या बाईंकडे यायला तयार नाहीत. डाव्या हाताने चमचा धरायचे, आता तोही मला धरायला सांगतात. हात मांडीवर ठेवून बसतात, दुसऱ्याचा असल्यासारखा.

रविवारी सांगायचंच. ठरलं.

४ ऑगस्ट, रविवार

नाश्ता झाला की सांगणार होते. पंकजचा फोन आला, स्पीकरवर.

"जय भीम, काका. तुमी सांगितलं तसं केलं. बांध मोकळा झाला."

मी विचारलं, काय सांगितलं होतं?

"बोर काढाया सांगितली हुती काकांनी, सोमवारी. जेसीबी गुरवारी आला, मुळासकट काढली. फांद्या बी जाळल्या."

सोमवार. काळे डोळे पाहिले त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी कामावर होते.

"आबा, का?"

"डोळे घेनारा हात न्हाई, तर झाड कुनासाठी ठेवायचं? त्याला ऊस वाढवायचाय, वाढवू दे."

मी खाली फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. बर्नर, फडकं, निळा रंग, पॉलिश पेपर. अठ्ठावीस दिवस गप्प राहिले तेही. वाटलं, ओरडतील. ओरडायला हवं होतं.

बराच वेळ डावा हात तोंडासमोर धरून पाहत राहिले. मूठ वळली, सोडली.

"म्हंजी हात चांगला हाय?"

"हो आबा."

"खरं सांग."

"खरंच. चाकू मी बिघडवला. हात चांगलाय तुमचा."

तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा सांगितलं. बोरीचं नाव त्यांनी काढलं नाही. मी रडत होते, तर म्हणाले, "ऊठ, फरशी गार हाय."

५ ऑगस्ट

सकाळी शेजारच्या छबूबाई फाटकाशी थांबल्या होत्या. आबा डावा हात वर करून त्यांना सांगत होते — "हात चांगला हाय माझा! पोरीनं चाकू बिघडवला हुता, चाकू!" हसत होते. महिन्यात पहिल्यांदा. मी दाराआड उभी. सांगा आबा, सगळ्या गल्लीला सांगा.