गुरुवारच्या ऑपरेशनआधी

९ जानेवारी

ती. ताईस,

बारक्याचा नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहेत, मी सोडून. मुलगी पेपर सोपे गेले म्हणते, खरं काय ते निकाल लागल्यावर कळेल. हिची कंबर अधूनमधून धरते, पण माझ्यावर ओरडायचं असलं की लगेच सुटते. तुझ्या बाथरूमच्या फरशीवर पाणी साचत नाही ना? साचत असेल तर सांग. उतार मीच काढलाय, दुसऱ्याला नाव ठेवायची सोय नाही.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोन केला की भाऊजी स्पीकर लावून शेजारी बसतात आणि मग आपण दोघं हवापाण्यावर बोलत राहतो. म्हणून कुरिअरवाल्याला सांगितलंय, तुझ्याच हातात दे.

येत्या गुरुवारी माझं ऑपरेशन ठरलंय. म्हणजे तारीख घेतलीय, सही अजून केलेली नाही.

माझं दुखणं तुला नवं नाही. दिवसभर गुडघ्यावर बसून वाकायचं, हातात थापी, आणि डोकं खाली गेलं की पोटातलं आंबट पाणी घशाशी. गोळ्यांनी जळजळ थांबली, खोटं कशाला बोलू. पण पाणी वर यायचं काही थांबत नाही. गेल्या महिन्यात एका बाईंच्या स्वयंपाकघरात फरशी बसवताना ते श्वासनलिकेत गेलं. खोकून खोकून माझे डोळे पांढरे झाले, बाईंनी घाबरून शेजारी गोळा केले. तेव्हापासून तुझं बाथरूम सोडलं तर काम घ्यायलाच धीर झालेला नाही.

पोटाचे डॉक्टर म्हणतात, गोळ्याच चालू ठेवा. आयुष्यभर घ्याव्या लागल्या तरी बहुतेकांना सोसतात, मधूनमधून रक्त तपासू, डोस जमेल तेवढा कमी ठेवू. आणि कमी वाका म्हणाले. मी म्हटलं, साहेब, फरशी छताला बसवत नाहीत. सर्जन म्हणतात, जठराच्या तोंडाची झडपच ढिली झालीय, गोळी आम्ल कमी करते, झडप आवळत नाही. ते जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घालणार. नंतर काही आठवडे पातळ खायचं, ओझं उचलायचं नाही. ढेकर नीट येत नाही, पोट फुगतं, उलटीसुद्धा धड होत नाही म्हणे. बऱ्याच जणांना चांगला गुण येतो, काहींना काही वर्षांनी परत गोळ्या सुरू कराव्या लागतात. तुम्ही कुठल्या बाजूला पडाल ते आज सांगता येणार नाही, असं तोंडावर म्हणाले. दोघंही खरं बोलले, त्यामुळेच माझा घोळ वाढला.

मग मी तुझ्याकडे बघितलं. आपल्या घराण्यात हे ऑपरेशन झालेली तू एकटी. ‘त्या दिवसापासून गोळीला हात लावला नाही,’ हे तू चारचौघांत इतक्यांदा सांगितलंयस की आमच्या मुलीलाही पाठ झालंय. हिचा ऑपरेशनला विरोध होता. तुझं नाव काढलं की गप्प बसते.

आता मुद्द्यावर येतो. मघापासून आडून आडून फिरतोय.

तुझ्या बाथरूमची भिंत करायला घेतली तेव्हा आरशाचं कपाट मी खाली उतरवलं. आतलं सामान बादलीत ठेवताना पिनांचा डबा उघडला. पिनांखाली माझ्याच गोळ्या. तेच नाव, तोच रंग, अर्धी स्ट्रिप संपलेली, तारीखही ताजी. भाऊजींच्या म्हणाव्यात, तर त्यांना पिना लावायला केस कुठे आहेत?

आणि त्याच दुपारी जेवताना तू मला म्हणालीस, ‘कर रे बिनधास्त. माझ्याकडे बघ.’ मी तुझ्याकडे नाही, ताटाकडे बघत होतो.

मला फार राग आलाय, ताई. तू खोटं बोललीस याचा नाही, ते सगळेच बोलतात. माझ्या पोटाला भोकं पाडायची वेळ आली तरी खोटंच बोललीस, याचा. आणि राग बाजूला ठेवला तर भीती वाटते. इतकं सगळं करून गोळ्या घ्यायच्याच असतील तर मी टेबलावर का झोपू? आणि नाही झोपलो, तर वाकू कसा?

तुझं ऑपरेशन फुकट गेलं का? हो की नाही, एवढंच लिही. उत्तर आलं नाही तर बुधवारी मी सर्जनना नकार कळवणार, आणि का कळवला ते सगळ्यांना सांगणार. भाऊजींनासुद्धा.

त्यांना माझा नमस्कार सांगू नकोस, पत्र आल्याचं कळेल.

बारक्या


१२ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद शेवटी देईन, राहिला तर. मोठ्या बहिणीला धमक्या द्यायला लागलास.

हो, घेते. चार वर्षं झाली. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात मावत नाही, तेव्हा नीट वाच. ऑपरेशनआधी मी उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे, तू बघितलंयस. नंतर सहा वर्षं एकही गोळी नाही. आडवी झोपले, नातीला कडेवर घेऊन जिने चढले. पण पहिलं वर्षभर दोन घास खाल्ले की पोट टम्म फुगायचं, तेही मी कुणाला सांगितलं नाही. मग हळूहळू जळजळ परतली. डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, गुंडाळलेलं थोडं सैल पडलंय म्हणाले. आता पूर्वीच्या निम्म्या डोसवर भागतं. पाणी मात्र आजही वर येत नाही. वाकून दाखव म्हणालास तर वाकून दाखवते.

मग लपवलं का? तुझ्या भाऊजींना ऑपरेशन नको होतं. मी भांडले, रुसून तुमच्याकडे येऊन राहिले, तेव्हा कुठे ते तयार झाले. तेव्हापासून मी पानात काही टाकलं की विचारतात, एवढं करून काय मिळवलंस? गोळी दिसली असती तर आयतं कोलीत हातात मिळालं असतं. त्या दुपारी ते समोर जेवत होते. तुला खरं सांगावं असं माझ्या मनात आलं होतं, बारक्या. आलं, आणि मी ते गिळलं. तुझ्या जिवापेक्षा मला त्यांच्यापुढे खरं ठरणं मोठं वाटलं. याला माझ्याकडे सबब नाही.

कुरिअरवाल्याने पत्र माझ्याच हातात दिलं, पण हे मागेच उभे होते. लपवायचा कंटाळा आला. मोठ्याने वाचून दाखवलं, केसांच्या ओळीसकट. हसले नाहीत. ‘मला का नाही सांगितलंस?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, सांगितलं असतं तर ‘काय मिळवलंस’ हेच पुन्हा विचारलं असतंत. पुढे काय होईल, मला माहीत नाही.

मी परत करेन का ऑपरेशन? करेन. पण हे माझ्या पोटाचं झालं, तुझ्या नाही. ‘बिनधास्त’ हा शब्द मी परत घेते.

बुधवारी येतेय, एकटी. आपण दोघं सर्जनकडे जाऊ. माझे कागद दाखवते, फुगणं, गोळ्या, सगळं तुझ्यादेखत सांगते. मग तू ठरव. सही केलीस तर मी बाहेर बाकावर बसेन. नाही केलीस तर तुझ्याबरोबर घरी चालत येईन. मी तोंडातून एक शब्द काढणार नाही.

तुझी,
जिच्यावर तू भरवसा ठेवला होतास ती,
ताई