कमळाच्या लेपाची तपासणी

ताथवडे, बुधवार

ती. प्रभाताईस,

निरंजनचा सविनय जय भीम. आम्ही इकडे मजेत. लग्नाच्या धावपळीत दाजींचा गुडघा फार कुरकुरत नसावा. (कुरकुरत असला तर त्यांना बसवून ठेव, बसल्या जागेवरून हुकूम सोडणं त्यांना छान जमतं.)

तुझ्या हळदीला आईने कमळाच्या पाकळ्या दुधात वाटून तुला लेप लावला होता. तसाच रविवारी श्रद्धाला तिच्या हळदीला हवाय, आणि कमळ मामाच्याच गॅलरीतलं हवंय, हे तू जाणतेसच. त्या अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात तीन वर्षं नुसती पानं येत होती. (पानांवर जेवा, कंदाची भाजी करा, असे उपयोग येईल तो पाहुणा सुचवायचा.) सोमवारी एकुलतं एक फूल उमललं. खुडून फ्रिजमध्ये ठेवलं.

आता ताई, मी वीस वर्षं चाकणला कंपनीत तपासणी खात्यात आहे. पहिला नग तपासल्याशिवाय माल पुढे सोडत नाही, आणि हा तर भाचीचा चेहरा! म्हणून दोन पाकळ्या वाटून डाव्या गालाला लावल्या. वीस मिनिटं झाली. खाज नाही, पुरळ नाही. पण एका गालावरून निष्कर्ष काढणं मनाला पटेना. म्हणून उजव्या गालाला दुधाऐवजी दही घालून, कपाळाला चंदन घालून, मानेला मसुराचं पीठ घालून. (मी तपासतोय की मला आवडायला लागलंय, असं स्वतःला मध्येच विचारलं. आणि आणखी दोन पाकळ्या वाटायला घेतल्या.) वर्षाली ऑफिसातून आली तेव्हा मी मिक्सरचं भांडं बोटाने पुसत होतो.

"फूल कुठंय?"

"पास झालं."

"अहो, पण उरलं किती?"

हा रकाना आमच्या तपासणीच्या फॉर्मवर नसतो. माझी चूक झाली, हे मान्य. पद्धत मात्र बिनचूक होती आणि लेप उत्तम आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. गाल अजून तुकतुकीत आहेत.

तुझा धाकटा भाऊ,
निरंजन

ता.क. पिंपात दुसरी कळी आहे. माझ्या अंदाजाने अकरा दिवसांत उमलेल. लग्न तेवढं पुढे ढकलता आलं तर बघ. कार्यालयवाल्यांशी मी बोलतो. (पत्र खरं तर एवढ्यासाठीच.)

ता.क. २. वर्षालीने श्रद्धाला फोनवर सगळं सांगून टाकलं. पोरगीने फोन माझ्याकडे द्यायला लावला. मग म्हणाली, "मामा, नवऱ्याची उष्टी हळद लावतात हे माहीत होतं, मामाचा उष्टा लेप पहिल्यांदाच ऐकला! आता साधी हळदच लाव, पण पहिला हात तुझा. आणि ती तरी घरून तपासून येऊ नकोस."

तेव्हा लग्न ठरल्या तारखेला करायला माझी काही हरकत नाही.