डॅशबोर्डमागचं कुंकू

प्रिय सुमन,

असं नावानं तुला कधी हाक मारली न्हाय. "ए, ऐकलंस काय?" यावरच आपला संसार झाला. पण उद्या लेक गाडीची किल्ली काढून घ्यायला शहापुरातनं येणार हाय, आणि आज दुपारी डॅशबोर्डच्या मागं मला तू सापडलीस. मग दुसऱ्या कुणाला लिहू?

आपल्या जुन्या पिकअपचे काटे तू असतानाच मेलते. डिझेलचा, हीटचा, बॅटरीचा, तिन्ही. मिस्त्री म्हणायचा बघूया, मी म्हणायचो पुढच्या आठवड्यात. गरजच कुठं होती? तू डावीकडं बसलेली! "अहो, वास याय लागलाय, थांबवा." डिझेल किती हाय ते तू पान्यानं टाकी वाजवून सांगायचीस, आणि वर मलाच झापायचीस, "निपाणीपतूर जाईल, पुढं ढकलायला तुम्ही उतरा!" लई तोंडाळ होतीस बघ.

आता भाजी घेऊन बेळगावच्या मार्केटला एकटाच जातो. परवा संकेश्वरच्या पुढं बोनेटमधनं वाफा आल्या, तेव्हा कळलं इंजिन केव्हाचं तापलंय. मला वास आलाच न्हाय गं. रस्त्याकडंला बसलो, तर रेखाचा फोन. वाफांचं सांगितलं, तर रडायलाच लागली पोरगी. "आप्पा, रविवारपर्यंत काटे चालू करा, न्हायतर किल्ली मी घेऊन जाणार. आई न्हाय आता शेजारी!"

तिचं खरं हाय. पण किल्ली गेल्यावर मी पहाटे उठू कशाला? घरात भांडं पडलं तरी मीच पाडलेलं असतंय.

मिस्त्री जत्रेला गेलाय, म्हणून मीच बसलो. फ्यूज बदलला, काटे ढिम्म. मिस्त्री मागं बोललेला, सगळे काटे एकदम गेले तर अर्थिंगची वायर बघा. पॅनेल खोललं, मोबाईलचा उजेड मारला, तर त्या वायरीचा स्क्रू लालभडक! बोट लावलं. गंज होताच, पण त्यात कुंकू, हळद, आणि झेंडूची एक वाळकी पाकळी.

खंडेनवमी! सगळं गाव बोनेटची पूजा करतंय, तुझं तेवढ्यावर भागतंय व्हय? "गाडीच्या तोंडाला हळदकुंकू, आणि आतले काटे उपाशी?" असं म्हणून कुंकवाचं पाणी, नारळाचं पाणी, सगळं दरसाल डॅशबोर्डवर ओतायचीस. मी इतकी वर्षं उंदरांना शिव्या घातल्या, आणि वायर खाल्ली तुझ्या भक्तीनं! लई हसलो गं. गोठ्यातली म्हैस माझ्याकडं बघाय लागली. मग रडू आलं.

पॉलिश पेपर घेतला, पण हात चालेना. खरडलं तर तुझ्या हातचं कुंकू जाणार, न खरडलं तर उद्या किल्ली जाणार. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अहो, निर्माल्य काढल्याशिवाय नवी पूजा होतीया काय? उठा!" मग खरडलं. पाकळी तेवढी पाकिटात ठेवली. रागवू नकोस.

स्क्रू आवळला, किल्ली फिरवली, आणि तिन्ही काटे एकदम उठले! मी लगेच डावीकडं वळलो, "ए, ऐकलंस काय?"

कोण ऐकणार?

उद्या रेखाला काटे दाखवीन. किल्ली माझ्याकडंच राहील. गाडी तापली की आता काटा सांगेल, पण काटा झापत न्हाय गं.

शब्द देतो. खंडेनवमीला काट्यांची पूजा चुकणार न्हाय, पण कुंकू कोरडं, बोटानंच लावीन. आणि मार्केटला माल कितीबी असू दे, तुझ्या सीटवर भाजीची बुट्टी ठेवणार न्हाय.

तुझा,
"अहो"